मांजराची फणी, पिसवा आणि आपला जुना प्रश्न



मांजर विंचरताना फणीच्या दातांत पिसू अडकली, तर तिचे काय करायचे? चिरडायची तर नाहीच. मग सोडायची कुठे? गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारला, की एकदा बसून नीट लिहायचे ठरवले. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा हा विषय नाही. लिहायला घेतले, चार जुनी पुस्तके काढली, आणि लक्षात आले की आपल्या लोकांना हा प्रश्न आठ-नऊशे वर्षे पडतो आहे. कधी उवेच्या निमित्ताने, कधी धान्यातल्या किड्याच्या, आणि आपल्या खानदेशात तर एकदा उंदराच्या निमित्ताने.

मी हे का शोधत बसले ते आधी सांगते. आमच्या पारोळ्याच्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू होते. त्यांची बदली झाली आणि त्यांची लांब केसांची मांजर इथेच राहिली. तिला आम्ही मनी म्हणतो. सासूबाईंना मांजर घरात नको होते. त्यांचे म्हणणे दोनच गोष्टींचे: ती जीव मारते, आणि तिच्या अंगावर जीव पडतात. दोन्ही खरेच आहे. पण मनी जिन्यातून हलेना. समोरच्या घरातल्या मावशी तिला खायला घालतात (मांजर जन्मतः मांसाहारी, तिला आपल्या वरणभातावर ठेवता येत नाही, तो विषय वेगळा, आणि याहून अवघड), आणि विंचरण्याचे काम माझ्याकडे आले. लांब केसांच्या मांजराला विंचरले नाही तर कानामागे, काखेत आणि पोटाखाली केसांच्या गाठी बसतात. त्या ओढल्या जाऊन कातडी दुखते, आणि गाठींखाली पिसवांना आयते घर मिळते. तेव्हा हे विंचरणे नटवण्यासाठी नाही, तिच्या दुखण्यावरचा उपाय आहे.

सासूबाईंचा पहिला आक्षेप निव्वळ जुन्या वळणाचा नाही, तो शास्त्रातला आहे. प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना आपण पंधरा कर्मादानांची नावे घेतो. त्यातले एक असतीपोषण. आपण भरभर म्हणून पुढे जातो, पण आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ उलगडून दिला आहे. मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर आणि दासी यांना पैशासाठी पोसणे म्हणजे असतीपोषण. म्हणजे मांजराचे नाव तिथे स्पष्ट आहे. दिगंबर परंपरेतही तसेच. कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजरासारखे प्राणी बाळगणे आणि शस्त्रे, लोखंड विकणे हे एकाच श्वासात अनर्थदंडात घातले आहे. आपल्या जुन्या घरांमध्ये गाय होती, म्हैस होती, क्वचित पोपटाचा पिंजराही होता, पण मांजर सहसा दाराबाहेरच का राहिले, त्याचे कारण इथे आहे.

मात्र हेमचंद्रांच्या वाक्यातला ‘पैशासाठी’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. दारात आलेल्या जिवाला थारा देणे आणि पैसे मिळवण्यासाठी प्राणी वाढवणे यात त्यांनी फरक ठेवला आहे. आज लांब केसांच्या मांजरांची पिल्ले हजारो रुपयांना विकली जातात. त्यासाठी मादीला पुन्हा पुन्हा विण्यास लावतात. हे असतीपोषण नाही तर दुसरे काय? वाढदिवसाला पिल्लू विकत आणण्याचा हट्ट मुले धरतात, तेव्हा आपण नाही म्हणायला हवे, असे माझे मत आहे. आपोआप आलेल्या, टाकून दिलेल्या मांजराची गोष्ट निराळी.

आता उवेकडे वळते. याच हेमचंद्रांचा शिष्य म्हणजे गुजरातचा राजा कुमारपाल. बाराव्या शतकात अणहिलवाड पाटणला त्याचे राज्य होते, आणि योगशास्त्र त्याच्यासाठीच रचले गेले. त्याने आपल्या राज्यात अमारी, म्हणजे जीव न मारण्याची आज्ञा, पुकारली होती. मेरुतुंगाचार्यांच्या प्रबंधचिंतामणीत त्या काळची एक गोष्ट आहे. सपादलक्ष, म्हणजे राजस्थानातल्या सांभर-अजमेरकडच्या भागातला एक श्रीमंत व्यापारी. केस साफ करताना निघालेली ऊ त्याच्या तळहातावर ठेवली गेली, आणि त्याने ती चोळून मारली. अमारीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला पाटणला राजापुढे उभे केले. त्याची सगळी संपत्ती घेऊन त्या पैशातून पाटणला एक मंदिर बांधवले गेले. त्याचे नाव यूकाविहार. यूका म्हणजे ऊ.

लहानपणी मी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला त्या व्यापाऱ्याची दया आली होती. आजही येते. एका उवेपायी माणसाचे घरदार घेणे हा कुठला न्याय, आणि घराच्या आत कोण कोणाचे केस विंचरते आहे हे राजाच्या माणसाला कसे कळले, असे प्रश्न पडतातच. मेरुतुंगांनी हे लिहिले १३०५ च्या सुमारास, म्हणजे कुमारपालानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. तेवढ्या काळात गोष्टीला रंग चढला असणार. पण एक गोष्ट मला सोडत नाही. ज्या समाजाने ही कथा जपून ठेवली, त्याने विंचरणे हे काम किरकोळ मानले नव्हते. केसातून हात फिरतो तेव्हा त्या हाताखाली कोणी असू शकते, हे त्यांच्या मनात पक्के होते. आपले साधू-साध्वी केसांचा लोच करतात त्यामागे देहाची आसक्ती सोडणे आहे, तसे हेही आहे की वाढलेल्या केसांत जीव पडू नयेत. रोज दोन वेळा वस्त्रे उलगडून पाहतात ते पडिलेहण तरी वेगळे काय आहे?

जीवविचार शिकलेल्या मुलींना ठाऊक आहे की उवा, लिखा, मांकड, मुंग्या, वाळवी हे तेइंद्रिय जीव. स्पर्श, चव आणि वास एवढेच त्यांना कळते. पिसूही आपल्याकडे त्याच पंगतीत धरतात. मांजर पंचेंद्रिय. म्हणजे मी फणी घेऊन बसते तेव्हा एका पंचेंद्रियाचे दुःख कमी करण्यासाठी तेइंद्रियांना त्यांच्या जागेवरून हलवत असते. आणि हलवणे हाही दोषच. सामायिक घेताना आपण इरियावहिया म्हणतो ना, त्यात जिवांना कशाकशाने त्रास झाला असेल त्याची यादी आहे. लाथाडले, धुळीने झाकले, एकावर एक ढीग केले, घासले, घाबरवले, आणि त्यातच एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकले, हेही आहे. ‘मी मारली नाही, बाहेर सोडली’ एवढ्याने हात झटकून मोकळे होता येत नाही, हे सांगण्यासाठीच ती ओळ असावी.

शिवाय सोडलेली ऊ जगते कुठे? माणसाच्या डोक्यावरून उतरलेली ऊ दिवस-दोन दिवसांत मरते. मांजराच्या अंगावर स्थिरावलेली पिसूही अंगावरून काढली की फार दिवस टिकत नाही. जुन्या बायका उवा गुंतवळात गुंडाळून सावलीच्या कोपऱ्यात ठेवत. त्यामागची दया खरी होती, पण तेवढ्याने ती ऊ वाचत नव्हती.

सोडलेल्या जिवाला खायला कोण देणार, हा प्रश्न त्या काळच्या लोकांनाही पडला होता. त्यातून काही फार विलक्षण गोष्टी उभ्या राहिल्या. राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी १५८३ ते १५९१ या काळात पूर्वेकडे फिरत होता. तो आपल्या खानदेशच्या तेव्हाच्या राजधानीत, बुऱ्हाणपुरातही आला होता. खंभातबद्दल लिहिताना त्याने नोंदवले आहे की तिथले लोक काही मारत नाहीत, लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पाखरांसाठी तिथे दवाखाने आहेत, मुंग्यांनाही अन्न घालतात. मांजर घरात पाळू नये असे सांगणाऱ्या समाजाने मांजरासाठी दवाखाना मात्र काढला होता. मला यात विसंगती वाटत नाही. हौसेसाठी बाळगू नका, पण दुखत असेल तर बघा, असा त्याचा साधा अर्थ आहे.

त्याच खंभातला १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी आला आणि त्याने पाखरांचा दवाखाना बारकाईने पाहून लिहून ठेवला. याच गृहस्थाने त्याआधी, १६२० मध्ये, इराणातल्या इस्फहानहून लिहिलेल्या पत्रात खोरासानच्या लांब, रेशमी केसांच्या मांजरांचे वर्णन केले आहे, आणि त्यांच्या जोड्या इटलीला नेण्याचा आपला विचारही सांगितला आहे. आज आपण ज्यांना पर्शियन म्हणतो त्या मांजरांची युरोपला झालेली ही जुन्यातली जुनी ओळख मानतात. थंड डोंगराळ मुलखात त्या केसांचा उपयोग होता. पारोळ्याच्या मे महिन्यात, पारा ४४ वर गेलेला असताना, त्या केसांखाली मनीचे काय होत असेल ते तुम्हीच पाहा. माणसाने हौसेपोटी हे केस आणखी लांब आणि दाट केले, इतके की बिचारीला ते स्वतःच्या जिभेने आवरत नाहीत.

सुरतेचे तर याहून पुढचे. जॉन ओविंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये सुरतेला होता. जनावरांच्या दवाखान्याजवळ ढेकूण, पिसवा असल्या किड्यांसाठी एक वेगळी जागा आहे, आणि त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसाला मजुरी देऊन रात्रभर तिथे झोपवतात, असे त्याने लिहिले आहे. परदेशी लोकांना असली गोष्ट सांगायला फार आवडे, त्यामुळे मजुरीवर झोपणारा माणूस कितपत खरा ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण किड्यांची खोली खरी होती. अलेक्झांडर बर्न्स या अधिकाऱ्याने १८२३ मध्ये सुरतेची पांजरापोळ पाहिली, आणि तिथे धान्य घालून किडे ठेवलेली खोली पाहिल्याचे त्याचे टिपण १८३४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. घरातले किडलेले धान्य उकिरड्यावर न टाकता तिथे नेऊन देत. गुजरातच्या पांजरापोळींत तिला जीवातखाना म्हणतात. १८३४ याच साली मुंबईत भुलेश्वरजवळची पांजरापोळ सुरू झाली. इंग्रज सरकार रस्त्यावरची कुत्री मारत होते, त्यावरून १८३२ मध्ये पारशी लोकांनी मोठा दंगा केला होता. त्यानंतर सर जमशेटजी जिजीभाई आणि आपले शेठ मोतीशा यांच्यासारखे लोक एकत्र आले. एक पारशी, एक जैन. ही एकजूट मला त्या इमारतीपेक्षा मोठी वाटते.

इथवर सगळे मऊ दयेचे चालले होते. मग प्लेग आला, आणि पिसू हा शब्दच भीतीचा झाला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात पहिले रोगी सापडले. मांडवी म्हणजे धान्याची गोदामे, आपल्या व्यापाऱ्यांचीच वस्ती. तिथून तो रेल्वेने, धान्याच्या पोत्यांबरोबर, कापसाच्या गाठींबरोबर देशभर पसरला. खानदेश कापसाचा मुलूख, भुसावळ मोठे जंक्शन, आपण त्यातून कसे सुटणार? पुढच्या पंचवीस वर्षांत भारतात सुमारे एक कोटी माणसे प्लेगने गेली. सासूबाईंनी त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेले असे: घरात उंदीर पडला, म्हणजे मरून पडलेला दिसला, की त्याच दिवशी घर सोडायचे. भांडी, गोधड्या, देवाची पेटी घेऊन शेतात माळावर झोपड्या बांधून राहायचे. दख्खनभर लोक हेच करत होते. उंदीर आणि माणसाचा आजार यांचा संबंध काय ते शास्त्रज्ञांना नीट कळण्याआधी आपल्या बायकांना कळला होता. मधला दुवा कोणता ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

तो दुवा सापडला कराचीत, जी तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होती. पॉल लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर. २ जून १८९८ रोजी त्याने प्लेगच्या घरातला आजारी उंदीर काचेच्या बरणीत ठेवला. पुरेशा पिसवा हव्यात म्हणून त्याने एका पिसवांनी भरलेल्या मांजराच्या अंगावरच्या पिसवा घेऊन त्या बरणीत सोडल्या. मग एक निरोगी उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात असा ठेवला की आजारी उंदराला त्याचा स्पर्श होणार नाही, पण पिसू उडी मारून पोचू शकेल. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. सिमाँने त्याच वर्षी हे प्रसिद्ध केले, आणि जवळजवळ सगळ्यांनी त्याला वेड्यात काढले. १९०५ नंतर मुंबईत परळला बसलेल्या प्लेग संशोधन आयोगाने तेच पुन्हा करून दाखवले, तेव्हा कुठे मान्य झाले. उंदीर मेला, त्याचे अंग गार पडले, की त्याच्या पिसवा उपाशी होतात आणि जवळच्या माणसावर येतात. घाबरू नका, मांजरावर सहसा असते ती पिसू आणि उंदरावरची ती पिसू वेगळ्या जातीच्या. मांजराची पिसू प्लेग पसरवण्यात फार कच्ची आहे.

आता आपल्या लोकांपुढे मोठा पेच आला. सरकार म्हणे उंदीर मारा, उंदरांसाठी बक्षीस लावले गेले. आपल्या आणि वैष्णव व्यापाऱ्यांनी त्याला विरोध केल्याच्या नोंदी जागोजागी आहेत. बाहेरच्यांना हा अडाणीपणा वाटला. आणि अशा वेळी आपल्या शेजारच्या वऱ्हाडातून एक सूचना आली. अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्युकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांची मोजदाद करवली, आणि जिथे घरोघर मांजरे आहेत तिथे प्लेग कमी, असे १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. उंदीर मारायला लोक तयार नाहीत ना, मग मांजरे पाळू द्या, ते आपले काम करतील.

मैत्रिणींनो, इथे थांबून विचार करा. माणसाचा जीव वाचवायचा आहे, घरात लेकरे आहेत, आणि कोणी सांगते की तू मारू नकोस, मांजर मारेल, तू फक्त तिला दूध घाल. हे तर जसेच्या तसे तेच, ज्यासाठी शास्त्राने मांजर पाळू नये म्हटले होते! आपण हात स्वच्छ ठेवायचे आणि काम दुसऱ्या जिवाकडून करवून घ्यायचे. करणे, करवणे आणि करणाऱ्याला अनुमोदन देणे यांत आपल्याकडे तिन्हींचा हिशेब असतो. मला स्वतःला वाटते की ब्युकॅनन साहेबांची सूचना सोयीची होती, पण जैन घराला ती पळवाट म्हणून घेणे शोभले नसते. दुसरे म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनेही ती अर्धीच होती. मांजरालाही प्लेग होतो आणि तिच्याकडून माणसाला लागू शकतो, हे पुढे सिद्ध झाले.

घर सोडून माळावर जाणाऱ्या आपल्या आजीबाईंनी नकळत तिसरी वाट धरली होती. मारायचे नाही, मारवायचे नाही, आपणच बाजूला व्हायचे. आणि परत येताना घर सारवून, उन्हे देऊन, पोती झटकून, धान्य चाळूनच आत यायचे. यालाच आपण जयणा म्हणतो. गळण्याने पाणी गाळणे, रात्री उष्टे न ठेवणे, पीठ फार दिवस न साठवणे, गहू उन्हात घालणे. जीव मारायचा की सोडायचा हा प्रश्नच उभा राहू नये, म्हणून तो आपल्या घरात उपजूच द्यायचा नाही. पिसवांच्या बाबतीत हे नुसते धर्माचे नाही, शास्त्राचेही पक्के आहे. मांजराच्या अंगावर दिसते ती पूर्ण वाढलेली पिसू. तिची अंडी घसरून खाली पडतात, गोधडीत, फटीत, पायपुसण्यात. अळ्या तिथेच वाढतात, कोश तिथेच होतात. म्हणजे बहुतेक पिसवा मांजरावर नसतातच, त्या आपल्या घरात असतात. कोशातली पिसू महिनोन् महिने गप्प बसू शकते आणि पावलांचा हादरा लागला की बाहेर येते. बंद घर उघडले की पिसवा चावतात, याचे कारण तेच.

अळीला ओलावा लागतो. कोरड्या कडक उन्हात ती सुकून जाते. म्हणून प्लेगसुद्धा दख्खनमध्ये उन्हाळ्यात ओसरायचा. आपल्या खानदेशच्या उन्हाने इथे तरी उपकार केले. आणि म्हणूनच पिसवांचा खरा हंगाम पावसाळा, आपला चातुर्मास. ज्या चार महिन्यांत जीव जास्त उपजतात म्हणून साधू-साध्वी विहार थांबवतात, त्याच चार महिन्यांत मांजराकडे जास्त पाहावे लागते.

माझी पद्धत अशी. आखाडीच्या आधीच, शेवटचे कडक ऊन असेपर्यंत, मनीची गोधडी उन्हात घालून, झटकून, धुऊन घेते. पुढे चातुर्मासभर आठवड्याला धुते, आणि ऊन पडेल तेव्हा तासभर टाकते. ती झोपते तो कोपरा रोज मऊ केरसुणीने हळू झाडते, कारण अंडी जमली नाहीत तर पुढचे काही नाही. फणी रोज, पाच-सात मिनिटे, अंगणात पांढऱ्या कापडावर. आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवते, खालच्या टोकापासून वर, मुळाशी बोटांनी धरून, म्हणजे कातडी ओढली जात नाही. गाठ सुटतच नसेल तर कात्री लावत नाही. मांजराची कातडी फार पातळ आणि सैल असते, गाठीबरोबर वर येते आणि कापली जाते. ते काम डॉक्टरांचे. मग बारीक दातांची फणी मानेखालून आणि शेपटीच्या बुंध्याकडे, पिसवा तिथेच जास्त. काळी मिरपूड सांडल्यासारखे कण निघाले तर ते ओल्या कापसावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, पचलेले रक्त. निघालेली पिसू कापडासकट घरामागे कडुलिंबाखाली सावलीत ठेवते आणि मिच्छामि दुक्कडं म्हणते. ती जगेलच असे मी स्वतःला समजावत नाही.

आंघोळ मात्र जवळजवळ लागत नाही. मांजराच्या जिभेवर आतून पोकळ असे बारीक काटे असतात, त्यातून लाळ केसांच्या मुळाशी पोचते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे दाखवले. चाटता न येणारी गळपट्टी बांधलेल्या मांजरांवर मोकळ्या मांजरांपेक्षा दुप्पट पिसवा राहिल्या, असेही एका प्रयोगात दिसले आहे. ती स्वतः पिसवा गिळते. तो तिचा जन्मस्वभाव, त्याचा हिशेब तिचा.

आता जे सांगणार आहे ते सगळ्यांना पटेलच असे नाही. गेल्या श्रावणात मनीला तीन पिल्ले झाली. त्यातले एक सुस्त पडले, हिरड्या पांढऱ्या झाल्या. लहान पिल्लावर पिसवा फार झाल्या तर रक्त कमी होऊन ते दगावू शकते. डॉक्टरांनी हिरड्या पाहून, वजन करून औषध दिले, आणि ते औषध पिसवा मारणारेच होते. मी ते लावले. फणीने दिवसभर काढूनही पुरे पडत नव्हते, आणि माझ्या हातात एक पंचेंद्रिय जीव थंड पडत चालला होता. गृहस्थाची हिंसा आणि साधूंची अहिंसा यांत शास्त्राने अंतर ठेवले आहे ते अशाच वेळेसाठी, असे मला वाटते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या रात्री त्यांनी आणि मी इरियावहिया सावकाश, एकेक शब्द थांबून म्हटला. पिल्लू जगले. तुम्ही माझ्या जागी असता तर कदाचित वेगळे केले असते, आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

औषधावरूनच शेवटचे, कारण यात अहिंसेच्या नादात मांजरच मरते. ‘नैसर्गिक’ म्हणून कापूर, कडुलिंबाचे तेल, टी ट्री तेल तिच्या अंगावर चोळू नका. मांजर सगळे चाटून पोटात घेते, आणि तिच्या यकृताला असली द्रव्ये निचरता येत नाहीत. फिनाईलने पुसलेली फरशी पूर्ण वाळेपर्यंत तिला त्यावर चालू देऊ नका, गोधडीत डांबरगोळ्या ठेवू नका. आपला शाम्पू तिच्या कातडीला चालत नाही. आणि कुत्र्याची पिसवांची पावडर किंवा थेंब मांजराला कधीही लावू नका. त्यात पर्मेथ्रिन असते, कुत्र्याला ते सोसते, मांजराला झटके येऊन जीव जातो. डबीवर मांजरासाठी असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ती दुकानातच ठेवून या.